पाण्याखालचा साक्षीदार

समुद्राच्या पोटातील पहिले छायाचित्र घेण्याचा मान एका वकिलाकडे जातो, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ गावचे विल्यम थॉम्पसन हे व्यवसायाने सॉलिसिटर आणि आवडीने समुद्रजीवांचे अभ्यासक. वादळात पुलाच्या खांबांची पाण्याखाली किती हानी झाली, हे कोणी बुडी न मारता पाहता आले तर बरे, या निव्वळ व्यावहारिक विचारातून त्यांना ही कल्पना सुचली. १८५६ च्या फेब्रुवारीत त्यांनी पेटीत कॅमेरा बंद करून वेमथच्या उपसागरात सुमारे १८ फूट खोल सोडला आणि होडीत बसून दोरीने पेटीची झडप उघडली. दहा मिनिटे काच प्रकाशात राहिली. पेटीत पाणी शिरले. तथापि खडक आणि शेवाळ यांची अंधुक आकृती काचेवर उमटलीच. थॉम्पसन यांनी पुढे तो नाद सोडला. पुरावा हाती आला खरा, परंतु घटना तळाशी आणि साक्षीदार होडीत, ही उणीव राहिली.

ती दूर केली लुई बुतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने. भूमध्य समुद्राकाठच्या बान्यूल्स येथील आरागो प्रयोगशाळेत काम करताना, धातूचे शिरस्त्राण घालून तळावर उतरण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली होती. १८९३ साली ते कॅमेरा बरोबर घेऊन उतरले. त्यांचे बंधू इंजिनियर होते. त्यांनी योजिलेल्या तांब्याच्या पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. जसजसे खोल जावे तसतसा पाण्याच्या दाबाने फुगा आकसे, त्यातील हवा पेटीत शिरे आणि आतबाहेरचा दाब समान राही. युक्ती साधी, पण थॉम्पसन यांच्या पेटीत शिरलेल्या पाण्याला तेच खरे उत्तर होते.

अडचण प्रकाशाची होती. एका चित्राला कधी कधी अर्धा तास लागे, आणि तितका वेळ कोणता मासा स्वस्थ बसणार? मग प्राणवायू भरलेल्या काचपात्रात मॅग्नेशियम जाळून पाहिले. पात्र फुटण्याचा धोका राही. पुढे एका मोठ्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची भुकटी फुंकण्याचा खटाटोप झाला. १८९९ मध्ये विजेचे दिवे सोडून सुमारे ५० मीटर खोलीवरही चित्रे घेण्यात आली आणि १९०० साली बुतां यांनी या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच दशकात किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या बाबतीतही असेच स्थित्यंतर घडत होते. तोवर पक्षी ‘पाहणे’ म्हणजे बंदुकीने पाडून त्यात पेंढा भरणे. यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू १८९२ पासून घरट्यांची छायाचित्रे घेऊ लागले. १८९६ साली ते स्कॉटलंडपलीकडील सेंट किल्डा बेटावरील सागरी पक्ष्यांकडे गेले. उभ्या कड्यावरून दोरखंडाने खाली उतरून ते घरट्यांपर्यंत पोहोचत. कॅमेऱ्याने जिवाला त्याच्या घरी जाऊन भेटावे, ही रीत पाण्याखाली आणि कड्यावर एकाच काळात रुजली, हे लक्षणीय आहे.

रंगाचा प्रश्न मागाहून सुटला. मासा मेला की त्याचे रंग फिके होतात. मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्यावरून जिवंत रंग कळणे अशक्यच. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्तुगास बेटांपाशी लाँगली या प्राणिशास्त्रज्ञाने चार्ल्स मार्टिन या छायाचित्रकारासह पाण्याखालचे पहिले रंगीत चित्र घेतले. प्रकाशासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमचा स्फोट घडवीत. त्यात लाँगली एकदा भाजलेही. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या हवेचे साधन सिद्ध केले, १९६३ मध्ये निकोनॉस हा जलाभेद्य कॅमेरा बाजारात आला, आणि ही विद्या सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली.

आज मालवणच्या सागरी अभयारण्यात, मुरगावसमोरील ग्रांदे बेटाशी किंवा मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणीपाशी पाणी निवळले की पाणबुडे उतरतात. वर समुद्रगरुड घिरट्या घालतो, खाली बोटाएवढी बिनशंखाची समुद्री गोगलगाय खडकावर सरकत असते. ही गोगलगाय पाण्याबाहेर काढली तर निव्वळ बुळबुळीत गोळा उरतो. तिच्या रूपाची साक्ष चित्रच देऊ शकते.

परंतु हल्ली चित्र चांगले यावे म्हणून काडीने त्या जिवाला ढोसून मोकळ्या जागी आणणारे, तोल सावरण्यासाठी प्रवाळावर पाय देणारेही आढळतात. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. तेथे एकाएकी प्रखर दिवा पाजळणेही त्याच जातीचे. न्यायालयात यास पुराव्यात ढवळाढवळ म्हणतात, आणि असा साक्षीदार आम्ही तरी उलटतपासणीत सोडणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. प्रवाळाची फांदी तोडून नेणे हा गुन्हा आहे. कायद्याने तळावरून आणता येण्याजोगे उरते ते चित्र.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी या किनाऱ्यावरची जुनी पाण्याखालची चित्रे असतील, तर त्यांच्या मागे जागा, खोली आणि तारीख आठवते आहे तोवर लिहून ठेवावी, एवढी विनंती आहे.