विद्यार्थी-संपादित विधी नियतकालिकाची परंपरा : ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या विशेष संदर्भात

संशोधन नियतकालिकातील लेखाची निवड त्या विषयाच्या तज्ज्ञाने करावी, हा संकेत विद्याक्षेत्रात सर्वमान्य आहे. अमेरिकेतील विधी शिक्षणाने मात्र शतकाहून अधिक काळ नेमकी उलट रीत पाळली आहे. तेथे लेख प्राध्यापकाने लिहावयाचा आणि तो स्वीकारावयाचा की नाही, हे विद्यार्थ्यांनी ठरवावयाचे. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या इतिहासाच्या आधारे या रीतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यार्थ्यांनी विधीविषयक नियतकालिक चालविण्याचे प्रयत्न अल्बनी येथे १८७५ मध्ये व कोलंबिया येथे १८८५ मध्ये झाले होते. परंतु ते अल्पजीवी ठरले. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा पहिला अंक १५ एप्रिल १८८७ रोजी निघाला आणि तो टिकला. त्याचे एक कारण आर्थिक होते. बोस्टनमधील तरुण वकील व माजी विद्यार्थी लुई ब्रँडाइस यांनी माजी विद्यार्थ्यांचे पाठबळ मिळवून दिले. दुसरे कारण अधिक खोल आहे. १८७० मध्ये अधिष्ठाता झालेल्या ख्रिस्तोफर लँगडेल यांनी व्याख्यान व पाठांतर यांऐवजी प्रत्यक्ष न्यायनिर्णयांचे वाचन आणि त्यावरील प्रश्नोत्तरे ही पद्धती रुजविली होती. न्यायमूर्तींच्या युक्तिवादातील उणिवा वर्गात रोज शोधणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाचा लेख तपासण्याचा संकोच का वाटावा? विद्यार्थी-संपादन हे तारुण्यसुलभ धाडस नसून त्या अध्यापनपद्धतीचेच फलित होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या नियतकालिकाच्या डिसेंबर १८९० च्या अंकात सॅम्युअल वॉरेन व ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या अधिकारावरील लेख प्रसिद्ध झाला. क्षणार्धात छायाचित्र टिपणारा कॅमेरा आणि घराघरांतील गोष्टी चव्हाट्यावर आणणारी वृत्तपत्रे यांपासून व्यक्तीला संरक्षण हवे, ही त्यामागील चिंता होती. दोन्ही लेखक व्यवसायाने वकील होते आणि संपादक विद्यार्थी. म्हणजे विधिशास्त्रातील एका मूलभूत संकल्पनेच्या प्रकाशनात प्राध्यापकाचा हात जवळजवळ नव्हताच. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाल्यावर ब्रँडाइस यांनी १९२८ मध्ये ओल्मस्टेड खटल्यातील भिन्नमतात दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या संदर्भात हाच विचार मांडला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणाला मूलभूत अधिकाराचा दर्जा दिला, तेव्हा त्या १८९० च्या लेखाचीही दखल घेतली.

तथापि, हे संपादक मंडळ सर्वांना खुले नव्हते. दीर्घकाळ परीक्षेतील गुण हाच प्रवेशाचा निकष होता. आणि ज्यांना महाविद्यालयाचेच दार बंद, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. स्त्रियांना तेथे १९५० मध्ये प्रवेश मिळाला व १९७६ मध्ये सुसान एस्ट्रिच या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९२२ मध्ये पदवी घेणारे चार्ल्स ह्यूस्टन हे संपादक मंडळातील पहिले कृष्णवर्णीय सदस्य. वांशिक विभक्तीविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याची आखणी पुढे त्यांनीच केली. कृष्णवर्णीय अध्यक्ष होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. ते अध्यक्ष म्हणजे बराक ओबामा.

टीकाही घरातूनच झाली. येल येथील प्राध्यापक फ्रेड रोडेल यांनी १९३६ मध्ये अशा नियतकालिकांतील बोजड शैलीवर व तळटीपांच्या हव्यासावर कठोर प्रहार केला. गंमत अशी की तो लेखही व्हर्जिनियाच्या विद्यार्थी-संपादित नियतकालिकातच छापला गेला. तळटीपांची शिस्त लावणारी ‘ब्लूबुक’ ही पुस्तिका १९२६ पासूनची, आणि तीही विद्यार्थी संपादकांचीच. अर्थशास्त्र वा समाजशास्त्र यांचा आधार घेणाऱ्या लेखाचे मूल्यमापन विधीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी कसे करणार, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण समाधान झालेले नाही. प्राध्यापकांची सेवानिश्चिती व बढती अशा प्रकाशनांवर अवलंबून असल्याने त्याची धार वाढते. याउलट, संपादक विद्यार्थ्यांचे स्वतःचे बहुतांश लेखन ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये आजही लेखकाच्या नावाविनाच छापले जाते.