भाजलं तर आधी पाणी : बटाट्याची साल, मध आणि केळीच्या पानाची गोष्ट



पुण्यात आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी पोळीभाजीचं काम करतात. पहाटेपासून तवा, कढई आणि वाफ यांच्याशीच गाठ. मागच्या पावसाळ्यात एका ताईंच्या हातावर उकळती आमटी सांडली. एकीनं टूथपेस्ट आणली, दुसरीनं हळद, तिसरी म्हणाली शाई लावा. ताईंनी तिन्ही लावून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांना आधी तो लेप काढावा लागला, आणि तेव्हा ताई भाजल्यापेक्षाही जास्त ओरडल्या. त्या दिवशी आम्ही ठरवलं, हा विषय नीट समजून घ्यायचा.

भाजणं किती खोल आहे हे ओळखायची पद्धत जुनी आहे. १६०७ साली फाब्री नावाच्या जर्मन शल्यवैद्यानं भाजण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आजही डॉक्टर साधारण तशाच पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी लाल होते, आग होते, पण फोड येत नाहीत. दुसरीत फोड येतात, जखम ओली दिसते, खूप दुखते. तिसरीत कातडी पांढरी, तपकिरी किंवा काळी पडते, चामड्यासारखी कडक होते, आणि तिथे दुखतच नाही. इथेच आपण फसतो. "दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलंय," असं आपण म्हणतो. खरं तर तिथल्या संवेदनेच्या नसाच जळालेल्या असतात. न दुखणारी जखम सगळ्यात खोल असते.

आता किती जागा भाजली ते बघायचं. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का. लेकराचं भाजणं लेकराच्याच तळहातानं मोजायचं. जास्त भाजलं की अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, म्हणून दवाखान्यात आधी सलाईन लावतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. भाजलेल्या जागेला झाकण लागतं, नाहीतर जंतू शिरतात आणि पट्टी बदलताना नवी कातडी सोलून निघते. विकतच्या पट्ट्या गरिबाला परवडत नाहीत. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी यावर उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी करून पाहिली. १९८५ साली त्यांनी ते काम जगापुढे मांडलं. साल ओलसर असते, जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी काढताना त्रास कमी होतो.

१९९१ साली सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवरचा अभ्यास इंग्लंडच्या मासिकात छापला. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना तेव्हाचं नेहमीचं चांदीचं मलम लावलं होतं. मधाच्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या. पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ती बटाट्याच्या पट्टीपेक्षाही स्वस्त पडली.

हे ऐकून आमच्या गटात लगेच प्रश्न आला, "मग आपणही घरी साल लावायची का?" नाही, बायांनो. त्या साली आणि ती पानं धुऊन, वाफेच्या यंत्रात जंतू मारून, मग डॉक्टरांनी स्वच्छ केलेल्या जखमेवर लावली होती. घरातली साल, बरणीतला मध किंवा अंगणातलं पान तसं नसतं. त्यातून जंतूच आत जातील. या डॉक्टरांनी आपल्या स्वयंपाकघराचा मान राखला, पण आधी वस्तू निर्जंतुक केली आणि मग रुग्णांवर पडताळून पाहिली. हाच फरक लक्षात ठेवायचा.

आपल्या हाती काय आहे? पहिलं म्हणजे पाणी. भाजलेली जागा ताबडतोब नळाच्या किंवा स्वच्छ साध्या पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरायची. नळ नसेल तर तांब्यानं ओतत राहायचं. बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधी काढायच्या. अंगाला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ धुतलेलं सुती फडकं हलकेच झाकायचं. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, काही नको. पदर पेटला तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, जमिनीवर लोळायचं, आणि जवळच्यांनी जाड चादर किंवा घोंगडी टाकून आग विझवायची.

तळहातापेक्षा मोठी जखम, तोंड, हात, पाय, सांधे किंवा नाजूक जागी भाजलेलं, विजेनं किंवा रसायनानं भाजलेलं, पांढरी-काळी जखम, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठायचा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारायचं.

एक गोष्ट मात्र पाण्यानं विझत नाही. "स्टोव्हचा भडका उडाला" या तीन शब्दांखाली कितीतरी सुनांचं भाजणं झाकलं गेलं. म्हणून तर १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध कायद्यात कलमं आली. गटातली एखादी जखम लपवत असेल, तर आधी उपचार करा, मग शांतपणे विचारा. १८१ आणि ११२ हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शेवटचं. २००० साली सायन रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा दान करता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ती त्वचा दुसऱ्या कुणाच्या जखमेवर तात्पुरतं पांघरूण होते. आमच्या गटात आता त्याची चर्चा सुरू आहे.

त्या ताईंचा हात बरा झाला, डाग राहिलाय. त्या आता नव्या सभासदांना तोच हात दाखवून सांगतात, "आधी पाणी, बाकी सगळं नंतर."