चिनी मातीवरील चित्रकला आणि तिचे शिक्षण

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेत चिनी मातीच्या भांड्यांवरील चित्रांची हकीकत कशाला, असा प्रश्न एखाद्या वाचकाने केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. अशा पुस्तकात मिशनचा इतिहास यावा, ज्यांनी श्रम केले त्या गुरुजनांचे स्मरण व्हावे, हे रीतीस धरूनच आहे. तथापि मंदिराच्या इतिहासाला शाळेचा इतिहास बहुधा जोडलेला असतो, आणि शाळेच्या इतिहासात एक प्रश्न नेहमी दडलेला असतो : हातांचे शिक्षण कोणी कोणास द्यावे, आणि ते टिकते कशाने? या प्रश्नाचा विचार करण्यास चिनी मातीवरील चित्रकलेइतके बोधप्रद उदाहरण आम्हास दुसरे आढळले नाही. शिवाय या कलेचे सविस्तर वर्णन युरोपात प्रथम पोचविले ते एका मिशनरी धर्मगुरूने. आणि मुंबईत मातीच्या भांड्यांवर चित्रे काढण्याचे शिक्षण सुरू झाले तेव्हा त्याचे कित्ते आमच्या मराठवाड्यातून गेले. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम माती कोणती ते पाहू. आमचा कुंभार चाकावर घडवितो ते मडके, डेरा किंवा रांजण साध्या मातीचे असते. आव्यात ते हजार अंशांच्या आतच भाजले जाते, आणि अंगी सूक्ष्म छिद्रे राहिल्यामुळे त्यात पाणी गार राहते. आपल्या शेजारच्या तेर गावी गोरा कुंभार याच मातीत राबले. चिनी मातीची गोष्ट निराळी. केओलिन नावाची पांढरी माती आणि एका जातीच्या खडकाची पूड एकत्र मळून ते भांडे सुमारे १३०० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून अधिक उष्णतेत भाजावे लागते. तेव्हा ते पांढरे व कठीण होते, पातळ असल्यास उजेडास धरले असता त्यातून प्रकाश दिसतो. हे रहस्य प्रथम चीन देशास गवसले, म्हणून आपल्या भाषेत मातीचे नावच ‘चिनी’ पडले. पुढे चकाकत्या झिलईच्या कामालाही लोक तेच नाव देऊ लागले. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल हा त्याचा दाखला होय. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास औरंगजेबाने ज्या वास्तूत कैदेत ठेवले, ती तिच्यावरील झिलईच्या फरशांवरून आजही चिनी महाल म्हणूनच ओळखली जाते.

आता चित्रांविषयी. चिनी मातीवर रंगविण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत भांड्यावर झिलई चढविण्यापूर्वीच कोबाल्टचा निळा रंग लावतात आणि मग झिलईसह सर्व एकदम तीव्र आचेत भाजतात; निळे चित्र कायमचे काचेखाली जाते. दुसऱ्या रीतीत झिलईसह भाजून तयार झालेल्या पांढऱ्या भांड्यावर चित्र काढतात. या रंगांत धातूंची भस्मे असतात : लोखंडापासून तांबडा, तांब्यापासून हिरवा, सोन्यापासून गुलाबी. त्यांत लवकर वितळणारी काचेची पूड मिसळून ते टर्पेंटाइनसारख्या तेलात खलतात, कुंचल्याने लावतात आणि सुमारे ७५० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजतात. सोन्याचा मुलामा सर्वांत शेवटी, त्याहूनही मंद आचेवर.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा येथेच असते. कागदावरील चित्रकाराला जो रंग दिसतो तोच राहतो. येथे लावताना एक रंग दिसतो आणि भट्टीतून दुसराच निघतो. रंग जाड बसला तर पोपडा सुटतो. बोटाचा तेलकट डाग राहिला तर तेथे रंग धरत नाही. आच थोडी अधिक झाली तर तांबडा फिका पडतो. म्हणून जाणता शिक्षक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी गुलाबाचे फूल काढावयास सांगत नाही. तो एक पांढरी फरशी देतो, तिच्यावर प्रत्येक रंगाचे पातळ व दाट पट्टे ओढावयास लावतो, आणि ती भाजून निघाल्यावर तीच त्या विद्यार्थ्याची वही होते. ही विद्या पुस्तकात अर्धीच मावते. उरलेली अर्धी जाणत्याच्या शेजारी बसूनच घ्यावी लागते.

ही उरलेली अर्धी विद्या मिळविण्यासाठी एक धर्मगुरू कामगारांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचे नाव फादर फ्रान्स्वा झेव्हिए दांत्रकोल. ज्यांचा पवित्र देह गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचेच नाव धारण करणारे हे फ्रेंच येशूसंघीय गुरू १६९८ साली चीनमध्ये पोचले आणि जियांग्शी प्रांतात सेवा करू लागले. त्याच प्रांतात जिंगदेझेन हे चिनी मातीच्या कामाचे जगप्रसिद्ध नगर आहे. तेथे त्या काळी ३००० भट्ट्या होत्या असे ते सांगतात. १७१२ साली त्यांनी पॅरिसला फादर ओरी यांस एक दीर्घ पत्र लिहिले व १७२२ साली दुसरे. फादर ओरी हे चीन व हिंदुस्थान येथील मिशनांची व्यवस्था पाहत असत. माती कोठून येते, ती कशी धुतात, भांडे किती हातांतून जाते, रंग कसे खलतात, भट्टी कशी रचतात, हे सारे त्या पत्रांत आहे. केओलिन हा शब्द युरोपच्या भाषांत रूढ झाला तो या पत्रांमुळेच.

त्यांना हे सांगितले कोणी? चिनी ग्रंथांचा त्यांनी आधार घेतला आणि डोळ्यांनीही पुष्कळ पाहिले. परंतु मोठा आधार होता तो त्यांच्याच कळपातील ख्रिस्ती कामगारांचा. भट्टीवर मजुरी करणारे आणि मालाचा व्यापार करणारे लोक मंदिरात येत, आणि त्यांच्याकडून गुरूंनी ही विद्या घेतली. रविवारी जे ऐकावयास बसत, तेच या विषयात गुरूंचे शिक्षक झाले. आम्हास या प्रसंगाचे मोल पत्रांतील माहितीहूनही अधिक वाटते. धर्मग्रामात कोणाला काय येते याची विचारपूस करणे, आणि ते शिकण्यास आपण खाली बसणे, हेही पाळकाचे काम आहे, असे त्यावरून दिसते.

त्या पत्रांतील दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी की, तेथे एक चित्र एक मनुष्य काढीत नसे. कोणी काठावरची रेघ ओढी, कोणी फुलांची बाह्यरेषा काढी, कोणी तीत रंग भरी, कोणी डोंगर व पाणी रंगवी, कोणी पक्षी. प्रत्येकास आपल्यापुरतेच येत असे, आणि या चित्रकारांच्या ज्ञानाविषयी फादरांचे मत फारसे उंच नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, रंग खलण्याचे काम करून आंधळी व पांगळी माणसेही तेथे आपले पोट भरीत. कामाची अशी वाटणी केल्याने कलावंत लहान झाला हे खरे. परंतु ज्याला अन्यत्र कोणी उभे केले नसते त्यालाही भाकरी मिळाली, हेही तितकेच खरे. या दोहोंपैकी एकच बाजू पाहणे न्यायाचे होणार नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले, आणि त्यातून मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. तेच आजचे जे. जे. स्कूल. १८६५ साली तेथे जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे शिक्षक आले. किपलिंग तरुणपणी इंग्लंडातील स्टॅफर्डशर परगण्यात, म्हणजे कुंभारकामाच्या माहेरीच, काम शिकले होते. परंतु या शाळेत कुंभारकामाचा पाया घातला तो शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी, १८७० नंतरच्या दशकात. झिलईच्या कामात सिंधचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या निष्णात. टेरी यांनी त्यांतील जाणते कारागीर मुंबईस आणविले. १८८० साली बर्डवुड यांनी हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथात या कामाची नोंद केली. ही भांडी खरी चिनी मातीची नव्हेत, झिलईच्या साध्या मातीची होत, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु मातीवर चित्र काढण्याचे रीतसर शिक्षण आपल्या प्रांतात रुजविण्याचा मोठा प्रयत्न तो हाच.

त्या भांड्यांवर काय काढीत? पौराणिक प्रसंग, सिंधी वेलबुट्टी, आणि अजिंठ्याची चित्रे. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंतींच्या नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांत अग्रगण्य. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. म्हणजे मराठवाड्याच्या डोंगरातील रेषा मुंबईच्या शाळेत गेली, सिंधी कारागिराच्या झिलईखाली बसली, आणि फुलदाणीच्या रूपाने विलायतेच्या बाजारात व संग्रहालयांत पोचली.

येथे एक विलक्षण योग नमूद करावासा वाटतो. ग्रिफिथ्स यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या नकला १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांच्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या. परंतु त्याच शाळेतील भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि आपल्या भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. जे एकदा अग्नीतून गेले आहे त्याचा रंग सहजी जात नाही.

भांडी टिकली, शिक्षण मात्र तसे टिकले नाही. टेरी यांच्यामागे तो उत्साह ओसरला. पुढे १९१० साली सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने शाळेत प्रयोगशाळा उभी राहिली आणि कुंभारकामालाच तेथे पहिले स्थान मिळाले; हा विषय शाळेने सोडला नाही. परंतु मुंबईच्या आवारातून ही विद्या गावोगावच्या कुंभारवाड्यांपर्यंत सहज चालत आली असे झाले नाही. त्याचे कारण आमच्या मते असे. सिंधचे कारागीर शाळेत आले ते कसबासाठी. चित्राचा कित्ता मात्र वरून येत असे, आणि माल जात असे दूरच्या गिऱ्हाइकाकडे. ज्याच्या हातात चाक होते त्याच्या गावात त्या फुलदाणीला गिऱ्हाईक नव्हते. जिंगदेझेनला दोष पुष्कळ असतील. परंतु माती, भट्टी, चित्रकार आणि व्यापारी ही चारही एका गावात होती, म्हणून बापाची विद्या मुलाकडे गेली.

बीड जिल्ह्याला हे नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या गॅझेटियरमध्ये बीडच्या कारागिरीत चामड्याच्या छागली व गुप्त्या यांची नावे आहेत. आज छागल खांद्याला लावून प्रवास करणारा मनुष्य शोधावा लागेल. गिऱ्हाईक गेले की शिष्य जातो, आणि शिष्य गेला की गुरू आपली विद्या घेऊन निघून जातो. आणखी एक अडचण या जिल्ह्याचीच म्हणावी अशी आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले बरोबर जातात. जो वर्ग जूनपासून एप्रिलपर्यंतचे सलग वर्ष धरून आखलेला असतो, त्यात या मुलाची जागा निम्मे वर्ष रिकामीच राहणार.

म्हणून हातांचे शिक्षण द्यावयाचे तर ते येथील पंचांग पाहून द्यावे लागेल. चिनी मातीवरील चित्रकलेचा आरंभीचा अभ्यास, रेघ, पट्टे व फरशीची वही, थोड्या महिन्यांत होऊ शकतो. लहान विजेच्या भट्टीत आठशे अंशांची आच एका खोलीत मिळते. तयार पांढरी भांडी बाजारात मिळतात. परंतु ही सोय झाली म्हणजे कला आली असे आम्ही म्हणत नाही. कित्ता दुसऱ्याचा असेल आणि गिऱ्हाईक दूरचे असेल, तर मुंबईत जे झाले तेच येथे होईल. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांनी कापडाच्या लांबरुंद पासोडीवर ग्रंथ लिहिला, जेथे पोळ्याला घरोघरी मातीचे बैल येतात, तेथे कित्त्यांची वाण पडू नये.

ज्युबिली म्हणजे मागे पाहण्याचा काळ, तसा हिशेबाचाही. फादर दांत्रकोल यांनी आपल्या लोकांस विचारले, तुम्हास काय येते? मग ते बसले, त्यांनी ऐकले आणि लिहून ठेवले. आमची सूचना इतकीच की, या वर्षात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास हाच प्रश्न विचारावा. कोणास शिवण येते, कोणास गवंडीकाम, कोणास चाक, कोणास कुंचला. ज्याला जे येते ते त्याने दोघांस शिकवावे, आणि ज्या महिन्यांत माणसे घरी असतात त्या महिन्यांत शिकवावे. पुढील ज्युबिलीची स्मरणिका लिहिणाऱ्यास तेव्हा कदाचित दूरच्या शाळांची कथा सांगावी लागणार नाही.