नाव वाचलं, प्रश्न राहिला

मालवणच्या आमच्या घरात आजोबांची एक जुनी वही आहे. रेडिओला पाठवायच्या पत्रांचे कच्चे मसुदे ते तिच्यात लिहायचे. ‘निवेदक वाक्याचा शेवट गिळतात.’ ‘पाहुण्यांना मध्येच तोडू नये.’ ‘गेल्या वेळच्या डॉक्टरीणबाई समजेल असं बोलल्या, त्यांना पुन्हा बोलवा.’ आपण आज कमेंटमध्ये जे लिहितो तेच, फक्त पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पॉडकास्ट ऐकवणाऱ्या एका ॲपमध्ये ‘हा भाग कसा वाटला?’ असं विचारून पाच तारे दाखवणारा स्क्रीन माझ्या टीमने बनवलाय. म्हणून वही वाचताना मला एकच प्रश्न छळत होता: ही पत्रं पोचल्यावर त्यांचं पुढे काय व्हायचं? उत्तर शोधायला गेलो आणि एकाच दशकातल्या दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली तुम्हाला थोडीफार माहीत असेल. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत हलकं, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही, काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी तेव्हा अगदी विशीत होते. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असं ते सांगत. एवढी पत्रं वाचणार कोण? सुरुवातीला त्यात बक्षिसाचं कोडं होतं, पुढे लोकप्रियतेनुसार गाण्यांची क्रमवारी आली. त्यासाठी रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती बघायचे. श्रोत्याचं मत असं मोजायची गोष्ट झालं. माझ्या पाच ताऱ्यांचं मूळ मला तिथे दिसतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं काढली. एका मंडळात वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. शेतीवर, गावाच्या अडचणींवर तज्ज्ञ बोलायचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. पटलं काय, पटलं नाही काय, आपल्या गावात हे जमेल का? चर्चेचा अहवाल आणि प्रश्न पुण्याला जायचे, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी असे गट चालत होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ती पाहणी पॉल नॉयराथ यांनी चालवली. हे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ, नाझींच्या दाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेले. पाहणीची रचना वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण आम्ही ज्याला कंट्रोल ग्रुप म्हणतो तो तिथे होता. मंडळ असलेली गावं, मंडळ नाही पण रेडिओ आहे अशी गावं, आणि दोन्ही नसलेली गावं. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी. म्हणजे फरक पडला तो बोलण्यामुळे आणि पलीकडून उत्तर येण्यामुळे. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. मंडळं हजारोंनी झाली, पण पुण्याच्या प्रयोगाइतकी निगा सगळीकडे राखता आली नाही.

त्या पाच जिल्ह्यांत कोकण नव्हतं. आमच्याकडे रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र आलं १९७७ मध्ये, आणि सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. आजोबांची वही याच काळातली. ते रापणकर होते. किनाऱ्यावरून रापण ओढायची, जी मासळी मिळेल तिचे वाटे करायचे. ट्रॉलर आले आणि रापणीला मासळी कमी पडू लागली. तेव्हा रेडिओवर एका पाहुण्यांनी यांत्रिक मासेमारीचे फायदे सांगितले. आजोबांनी लिहिलं: ‘पाहुण्यांचं भाषण चांगलं झालं. पण ट्रॉलर किनाऱ्याजवळ आला तर रापणकराने काय करावं, हे निवेदकांनी त्यांना विचारलं नाही. कृपया विचारावं.’ कार्ड कुठल्या केंद्राला गेलं, ते वहीत नाही.

पत्रोत्तराच्या कार्यक्रमात त्यांचं नाव आलं. ‘भाषण आवडल्याचं कळवलंय, आभारी आहोत.’ घरात सगळे खूश. आजी चुलीपाशी होती. ती अजून सांगते, तेव्हा ती म्हणाली होती, “नाव वाचल्यानी, सवाल नाय वाचल्यानी.” आजोबा काही बोलले नाहीत. त्यानंतरही वहीत मसुदे आहेत, पण कुठल्याच मसुद्यात प्रश्न नाही. सगळी पत्रं ‘कार्यक्रम आवडला’ अशीच.

हे मला उशिरा दिसलं. आमच्या ॲपमध्येही तेच होतं. श्रोता दोन तारे देतो. का दिले ते सांगायला जागा नाही, आणि पाहुण्याला काही विचारायचं तर त्याहून नाही. डॅशबोर्डवर सरासरी हिरवी असते आणि मीटिंग दहा मिनिटांत संपते.

गणपतीला घरी गेलो तेव्हा आजीला मासेमारीवरचा एक पॉडकास्ट ऐकवला. डोळे मिटून तिने सगळा ऐकला आणि म्हणाली, “पावणो बोलता बरो, पण इचारलेल्याचा उत्तर देना नाय. हेका पत्र खंय धाडूचा?”

मी स्क्रीनवरचे पाच तारे तिच्यासमोर धरले. तिने ते बघितले आणि फोन मला परत दिला.

पुण्याला आल्यावर मी टीमपुढे प्रस्ताव ठेवला: ताऱ्यांखाली प्रश्नाची चौकट, आणि निवडक प्रश्नांना पुढच्या भागात पाहुण्याचं उत्तर. कोड दोन दिवसांचं आहे. मॅनेजरने विचारलं, ‘एवढे प्रश्न वाचणार कोण?’ पहिल्या महिन्याचे मी वाचेन, असं सांगून आलोय.