नादारी, वकीलपत्र आणि विश्वास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाचा मास्तर दिवाळखोरीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण विश्वास या शब्दावर आम्ही वर्गात चाळीस वर्षं बोललो, आणि कर्जात बुडालेला माणूस वकीलपत्रावर सही करतो तेव्हा त्या शब्दाचं जे होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून आज थोडा इतिहास.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. त्यांचा खरा रोख होता कागदांवर. खतं, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता. पण कागदावरचा राग त्याहून जुना. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांच्या आत नवं खत करून घेई, आणि थकलेलं व्याज मुद्दलात जाई. कुळाला वाचता येत नसे. दावा लागला की ते बहुधा कोर्टात फिरकतच नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायाधीशाने कर्जाचा मागचा सगळा इतिहास उकरून पाहावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये, आणि पन्नास रुपये किंवा जास्त देणं असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करता यावा, अशी त्यात सोय होती. आम्हाला मात्र त्यातली वकिलांविषयीची दोन कलमं सर्वांत बोलकी वाटतात. एक म्हणतं, शंभर रुपयांपर्यंतच्या प्रकरणात वकील येऊ द्यायचा नाही. लगेच पुढचं म्हणतं, समोरच्याने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीने न्यायाधीशाने सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस द्यावा. म्हणजे वकील हाच रोग आणि वकील हेच औषध! याच कायद्याखाली पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

तेव्हा कोल्हापूर वेगळं संस्थान होतं. इथे शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. ही गोष्ट आपण समाजसुधारणेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पक्षकाराच्या बाजूने बघा ना जरा. ज्याच्यासमोर आपली लाज उघडी करायची, तो माणूस कोणत्या घरातला आहे, याला काहीच अर्थ नाही का?

आता आजचं. २०१६ च्या नादारी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग साध्या माणसाला अजून लागू झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. मुंबई शहराला १९०९ चा कायदा, आणि आपल्याला, म्हणजे कोल्हापूर-इचलकरंजीला, १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. त्यातली देण्याची किमान रक्कम अजून पाचशे रुपये आहे, हसू नका. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा, माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली? गोलमाल उत्तर आलं तर चहा पिऊन उठावं.

बाकीचं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे शिकलो. इचलकरंजीचा, आठ यंत्रमाग, तीन ठिकाणचं कर्ज. त्याच्या पहिल्या वकिलाने सांगितलं, घर आधी बायकोच्या नावावर करा, मग अर्ज टाकू. सगळी कर्जं माफ होतील, जेवढं वाचेल त्यातला दहावा हिस्सा माझा. आम्हालाही आधी हे हुशारीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं फुकटचं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. सगळं माफ होतं हेही खरं नाही. सरकारी देणं, फसवणुकीतून आलेलं देणं आणि पोटगी मुक्ततेनंतरही राहते. आणि निकालावर हिस्सा ठरवायला तर बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. एका वाक्यात त्या गृहस्थांनी तीन ठिकाणी घसरून दाखवलं!

दुसरे वकील वयस्क होते. त्यांनी धीरबीर काही दिला नाही. फी सांगितली, पावती मिळेल म्हणाले, आणि नादार ठरल्यावर काय काय जातं ते आधी सांगितलं. नगरपालिकेसारख्या संस्थेत निवडून जाता येणार नाही, मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाईल; अंगावरचे कपडे, भांडी आणि कारागिराची हत्यारं राहतील. मग कोरा कागद पुढे केला. "ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची नावं आणि पत्ते लिहा. घरातल्यांचीसुद्धा."

पोरगा भराभर लिहीत गेला, आणि मेहुण्याच्या नावापाशी थांबला. "सर, हे नाव लिहायलाच हवं का?" त्याने आमच्याकडे बघून विचारलं. आम्ही वकिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "आज घरी जा, आधी त्यांना सांगा, मग लिहा. मी कुठे पळून चाललोय?"

वकीलपत्रावर सही झाली ती तिसऱ्या भेटीत. मेहुणाही सोबत आला होता.