शहापूर-मुरबाडच्या वाटा आणि स्प्रिंगांची जोडी

शहापूर-मुरबाडच्या ज्या मुलखात म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या जत्रेस जाणारी रयत बिनस्प्रिंगांच्या बैलगाडीतील प्रत्येक हादरा पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे सोशीत आली, तेथे १९५५ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाची बुलेट आणि पुढे एस्कॉर्ट्सची राजदूत दाखल झाली, तेव्हा मागच्या चाकास लाभलेला स्प्रिंगांचा आधार हे केवढे सौख्य वाटले असेल! स्प्रिंग भार पेलते. तिच्या आंदोलनांचे शमन मात्र शॉकअपमधील तेल, सूक्ष्म छिद्रांतून वाहताना, करीत असते. पावसाळ्याने उखडलेल्या रस्त्यांवर, दुधाच्या कॅनांच्या ओझ्याखाली सील झिजून ते तेल गळू लागले, की गाडी वळणावर डुलते आणि चाकाची जमिनीवरील पकड सुटते. म्हणूनच जाणता मिस्त्री, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, एका वेळी एकच बाजू सोडतो, जेणेकरून चाक खाली लोंबत नाही. परंतु नवे शॉकअप बसवितो ते जोडीनेच, रबरी बुश बदलून व दोन्ही स्प्रिंगांचा ताण समान खाचेवर ठेवून. जुन्या यंत्राचे आयुष्य वाढविणारी ही कारागिरी, माझ्या मते, माहुलीच्या किल्ल्याइतक्याच आदराने या तालुक्यांच्या इतिहासात नमूद होण्यास पात्र आहे.