‘विक्रांत’ कां राहिली नाहीं?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें बंदर आहे. तेथील एका जुन्या गोदींत ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें शिडांचें लढाऊ जहाज आजहि पाण्यावर तरंगतांना पाहावयास मिळतें. हें जहाज आपल्या मुंबईंत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं, मलबारच्या सागवानाचें घडलें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. खडकीच्या लढाईस तेव्हां अद्यापि चोवीस दिवस अवकाश होता. म्हणजे पेशवाई जिवंत असतांना पाण्यास लागलेलें हें लांकूड अजून शाबूत आहे. उलट, स्वतंत्र भारताची पहिली विमानवाहू नौका जी ‘विक्रांत’, तिचें पोलाद १९४५ सालीं इंग्लंडांत पाण्यास लागलें आणि २०१४ सालीं मुंबईच्याच दारूखान्यांत तिचे तुकडे करण्यास आरंभ झाला. असें कां व्हावें?

सागवान टिकतें आणि लोखंड गंजतें, हें उत्तर सहज सुचतें, व तें अगदींच खोटें नाहीं. पण तेवढ्यानें भागत नाहीं. नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ हें जहाज १९२२ पासून पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत उभें आहे; तरीहि बुरशीनें व किड्यांनीं त्याचें लांकूड पोखरलें, आणि त्याच्या अंगावरील कुजक्या फळ्या काढून नव्या बसविण्याचें वर्षानुवर्षें चालणारें काम २०२२ सालीं हातीं घ्यावें लागलें. खुद्द ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूलास आणलें तेव्हां जर्जर झालें होतें. १९९० पासून २००१ पर्यंत कारागीर त्यावर राबले, म्हणून तें आज दिसतें.

लोखंडी जहाजाची गोष्ट याहून कठीण. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांशीं परिचय असलेल्या वाचकांस सांगावयास नको कीं, भांडें कितीहि जाड असलें तरी कल्हई उडाली कीं तें स्वयंपाकांतून उठतें. जहाजाची कल्हई म्हणजे त्याचा रंग. नौका सेवेंत असते तोंपर्यंत ती ठराविक मुदतीनें कोरड्या गोदींत जाते. तेथें तिच्या बुडाचे शिंपले व गंज खरवडतात, झिजलेले पत्रे बदलतात, रंग देतात, आणि जस्ताचे ठोकळे बसवितात. ते अशासाठीं कीं, खाऱ्या पाण्यानें पोलादाऐवजीं आधीं जस्त खावें. शिवाय ‘विक्रांत’वर हजाराहून अधिक माणसें राहत. त्यांतला कोणी ना कोणी रोज हातीं ब्रश घेऊन उभा असेच. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती निवृत्त झाली. त्या दिवशीं निशाण उतरलें याचें मला फारसें वाटत नाहीं. हे हात गेले, हा खरा घात.

पुढें नौदलानें ती संग्रहालय म्हणून वेळोवेळीं लोकांस दाखविली. विमानांच्या प्रशस्त कोठारांत उभें राहून, १९७१ च्या डिसेंबरांत कॉक्सबझार व चितगांववर या नौकेवरून गेलेल्या विमानांची हकीकत ऐकतांना आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकले होते. खालच्या, पाण्यांत बुडालेल्या पत्र्याचा विचार कोणाच्याहि मनांत आला नाहीं, माझ्याहि नाहीं. २०१२ सालीं धोका ओळखून दारें बंद झालीं. हें संग्रहालय चालविणें परवडणारें नाहीं, असें राज्य सरकारनें सांगितलें. जानेवारी २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें याचिका फेटाळली, ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयांतहि तेंच झालें, आणि ६० कोटी रुपयांस विकलेली नौका खरेदीदाराच्या स्वाधीन झाली. न्यायालयांस दोष देणें सोपें आहे. परंतु गंजलेलें बूड हुकूमनाम्यानें सांधतां येत नाहीं.

ज्यांनीं पोलादी जहाजें राखलीं त्यांनीं बहुधा पाण्याशींच फारकत घेतली. जपान्यांनीं ‘मिकासा’चें बूड योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीटांत कायमचें रोवलें. आपल्याकडे विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून वाळूवर उभी आहे. अमेरिकेंतील ‘टेक्सस’ मात्र १९४८ पासून पाण्यांत राहिलें आणि मधल्या दुरुस्तीनंतरहि इतकें गळूं लागलें कीं, २०२२ सालीं त्यास ओढून गॅलव्हेस्टनच्या गोदींत न्यावें लागलें.

‘विराट’च्या वेळीं हा सारा अनुभव आपल्या गांठीं होता. सिंधुदुर्गांत निवतीजवळ तिचें संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळानें २०१८ सालीं मंजुरी दिली. योजना कागदावरच राहिली, आणि सप्टेंबर २०२० मध्यें ती नौका मुंबईहून अलंगच्या वाटेस लागली. एवढी रक्कम एकदां खर्च करण्याची भाषा आपण सहज करतों. दर कांहीं वर्षांनीं बूड खरवडण्याची तरतूद मागणारा मला अजून भेटावयाचा आहे.

‘विक्रांत’च्या पोलादाचा कांहीं अंश २०१६ सालीं बाजारांत आलेल्या एका मोटारसायकलच्या टाकींत मिसळला गेला. तशी एक गाडी आमच्या महाविद्यालयाच्या आवारांत उभी असते. तिचा मालक ती रोज सकाळीं पुसतो.